'ती ओरडली का नाही?' स्वारगेटनंतर पुन्हा विचारलेल्या या प्रश्नावर कायदा काय म्हणतो?

२५ फेब्रुवारी २०२५, पहाटे पावणेसहाच्या आसपासची वेळ. पुण्याच्या स्वारगेट एसटी स्टँडवर २६ वर्षांची एक तरुणी फलटणच्या गाडीची वाट बघत होती. एक माणूस 'ताई' म्हणत तिच्याशी बोलायला आला. तुमची गाडी दुसरीकडे लागली आहे, असं सांगून तो तिला आवारातच उभ्या असलेल्या एका शिवशाही बसकडे घेऊन गेला. बसमध्ये अंधार होता. आत प्रवासी झोपलेत, असं त्याने सांगितलं. ती आत चढल्यावर त्याने दार लावलं आणि बलात्कार केला, अशी तिची तक्रार आहे.

स्वारगेट पोलीस स्टेशन तिथून हाकेच्या अंतरावर आहे. आरोपी पळून गेला. पोलिसांनी एक लाखाचं बक्षीस जाहीर केलं, ड्रोन आणि श्वानपथकं लावली. तीन दिवसांनी तो शिरूर तालुक्यातल्या गुनाट गावच्या शिवारात सापडला.

या तीन दिवसांत आणि त्यानंतरही सोशल मीडियावर चर्चा आरोपीपेक्षा तिच्याचबद्दल जास्त होती. ती त्याच्यासोबत गेलीच का? ओरडली का नाही? बाहेर इतके लोक होते, मग कुणाला ऐकू कसं आलं नाही? नंतर दुसऱ्या गाडीत बसून निघाली कशी?

आरोप सिद्ध होतो की नाही, हे न्यायालय ठरवेल. पण या प्रश्नांमागे जो समज आहे, तो या एका केसपुरता नाही. बलात्कार झाला तर बाई ओरडते, झटापट करते, अंगावर जखमा होतात आणि ती धावत पोलिसांकडे जाते. हे झालं नाही म्हणजे तिची संमती होती, असा तो समज आहे. तो नेमका कुठे चुकतो, ते समजून घेऊ.

स्वारगेटनंतर काय काय बोललं गेलं?

२७ फेब्रुवारीला गृहराज्यमंत्री योगेश कदम यांनी स्वारगेटला भेट दिली. घटना घडली तेव्हा बसच्या बाहेर दहा-पंधरा लोक होते, पण झटापट किंवा प्रतिकार झाला नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. त्यावर टीका झाली. पोलिसांनी दिलेली माहितीच मी सांगितली, माझ्या बोलण्याचा वेगळा अर्थ काढला गेला, असा खुलासा नंतर त्यांनी केला.

आरोपीला न्यायालयात हजर केल्यावर बचाव पक्षाने संबंध संमतीने झाल्याचा दावा केला. पाठोपाठ दोघांमध्ये पैशांचा व्यवहार झाल्याच्या गोष्टी व्हायरल झाल्या. तक्रारदार तरुणीच्या बाजूने हे सगळं फेटाळण्यात आलं.

बचाव पक्षाला न्यायालयात आपली बाजू मांडायचा पूर्ण अधिकार आहे. तो दावा खरा की खोटा, हे पुरावे बघून ठरतं. इथे अडचण वेगळी आहे. 'प्रतिकार दिसला नाही' हे वाक्य ऐकलं की आपल्यापैकी बरेच जण लगेच 'म्हणजे संमती होती' इथवर पोहोचतात. ही उडी एकेकाळी देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही मारली होती आणि ते प्रकरण महाराष्ट्रातलंच होतं.

मथुरा प्रकरण काय होतं?

२६ मार्च १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं, आता गडचिरोलीत असलेलं देसाईगंज. मजुरी करणाऱ्या एका अल्पवयीन आदिवासी मुलीला तिच्या भावाच्या तक्रारीवरून रात्री पोलीस स्टेशनला आणलं होतं. जबाब झाले, बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं आणि तिला आत थांबवून घेतलं. त्या रात्री तिथल्या दोन पोलिसांनी तिच्यावर अत्याचार केल्याचा आरोप होता. हा खटला 'मथुरा प्रकरण' म्हणून ओळखला जातो.

सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये दोघांनाही सोडलं. तिला शरीरसंबंधांची आधीपासून सवय होती, हा मुद्दा तिच्याविरुद्ध गेला. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरवला आणि दोघांना शिक्षा सुनावली. पोलीस स्टेशनमध्ये, परक्या माणसांच्या ताब्यात असलेली मुलगी भीतीपोटी गप्प राहिली तर त्याला संमती म्हणता येत नाही, असं उच्च न्यायालयाचं म्हणणं होतं.

१५ सप्टेंबर १९७८ ला सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल रद्द केला. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याची गोष्ट पटत नाही, म्हणजे जे झालं ते शांततेत झालं, असा निष्कर्ष काढून दोन्ही पोलीस निर्दोष सुटले.

ठिकाण पोलीस स्टेशन, आरोपी पोलीस, रात्रीची वेळ. ओरडून ती बोलावणार कुणाला होती?

चार प्राध्यापक आणि एक खुलं पत्र

वर्षभराने, सप्टेंबर १९७९ मध्ये, कायद्याच्या चार प्राध्यापकांनी भारताच्या सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर हे ते चौघं. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाबद्दल थेट सरन्यायाधीशांना असं जाहीर पत्र लिहिणं ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

त्यांचा मुख्य मुद्दा आजही लक्षात ठेवण्यासारखा आहे. शरण जाणं आणि संमती देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समोरचा आपल्यापेक्षा ताकदवान आहे, सुटका नाही, हे कळल्यावर माणूस विरोध थांबवतो. त्याचा अर्थ त्याला ते हवं होतं असा होत नाही. चाकू दाखवल्यावर पाकीट काढून देणाऱ्याने ते पाकीट भेट दिलं, असं आपण म्हणत नाही.

या पत्रानंतर देशभर आंदोलनं झाली. १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी शरीरसंबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि बाईने 'माझी संमती नव्हती' असं न्यायालयात सांगितलं, तर संमती नव्हती असंच गृहीत धरायचं, ही तरतूद तेव्हा आली. पीडितेची ओळख उघड करणं हाही तेव्हापासून गुन्हा ठरला. मात्र मथुरा प्रकरणातला निकाल बदलला नाही.

आज कायद्यात संमती म्हणजे काय?

दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर २०१३ मध्ये कायदा पुन्हा बदलला आणि संमतीची व्याख्या पहिल्यांदाच स्पष्ट शब्दांत लिहिली गेली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये तीच व्याख्या कायम आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर:

- संमती म्हणजे स्वतःच्या इच्छेने दिलेला, कोणतीही शंका न ठेवणारा होकार. तो शब्दांतून, हावभावांतून किंवा इतर कोणत्याही प्रकारे दिलेला असू शकतो.
- हा होकार त्या विशिष्ट लैंगिक कृतीसाठी असतो. एका गोष्टीला हो म्हटलं म्हणजे सगळ्यालाच हो म्हटलं असं होत नाही.
- स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्याच कारणावरून तिने संमती दिली असं मानता येणार नाही.
- जिवाची किंवा इजेची भीती दाखवून मिळवलेला होकार हा होकार नाही. ही भीती तिच्या जवळच्या माणसाबद्दलची असली तरी हेच लागू होतं.
- आपण कशाला हो म्हणतोय आणि त्याचे परिणाम काय, हेच कळू नये इतकी नशेत असलेल्या बाईचा होकार ग्राह्य धरला जात नाही.
- १८ वर्षांखालच्या मुलीच्या संमतीला कायद्यात अर्थच नाही.

तिसरा मुद्दा पुन्हा वाचा. मथुरा प्रकरणातली चूक दुरुस्त करायला संसदेला १९७८ पासून २०१३ पर्यंत ३५ वर्षं लागली. तरी स्वारगेटनंतर आपण परत १९७८ च्याच प्रश्नावर आलो.

पण माणूस ओरडत का नाही?

संकट आलं की माणूस एकतर लढतो किंवा पळतो, असं आपल्याला वाटतं. तिसरीही एक प्रतिक्रिया असते, ती म्हणजे थिजून जाणं. हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही. बोलीत आपण याला 'पाचावर धारण बसली', 'तोंडातून शब्द फुटेना' असं म्हणतोच. ही प्रतिक्रिया ठरवून देता येत नाही, शरीर ती आपोआप देतं.

स्वीडनमध्ये २०१७ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बलात्कारानंतर स्टॉकहोममधल्या खास केंद्रात उपचारासाठी आलेल्या २९८ महिलांशी संशोधक बोलले. त्यातल्या ७० टक्के महिलांनी घटनेच्या वेळी शरीर लक्षणीय प्रमाणात थिजल्याचं सांगितलं. ४८ टक्के महिलांमध्ये हे थिजणं अतितीव्र होतं. म्हणजे त्या अभ्यासात न ओरडणं, न हलणं हा अपवाद नव्हता.

शिवाय बाई गप्प राहते त्यामागे बऱ्याचदा विचारही असतो. बंद गाडीत, एकट्या माणसासमोर आरडाओरडा केला तर तो जीव घेईल का, हा हिशोब त्या क्षणी होतो. जीव वाचवण्यासाठी गप्प बसणं हीसुद्धा सुटकेची धडपडच असते.

'ओळखीचा होता', 'आधी संबंध होते', 'तसलीच होती'

बलात्कारी म्हणजे अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी माणूस, हे चित्र सिनेमाने आपल्या डोक्यात पक्कं बसवलंय. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये देशात बलात्काराचे ३१,६७७ गुन्हे नोंदले गेले. त्यातल्या सुमारे ९६ टक्के गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा होता. नातेवाईक, शेजारी, मित्र, कामाच्या ठिकाणचा माणूस. स्वारगेटसारख्या घटनांची बातमी मोठी होते, पण आकडेवारीत त्या अपवाद आहेत.

त्यामुळे ओळख होती, प्रेम होतं, रूमवर स्वतःहून गेली होती, चॅटवर गोड बोलत होती, यातली कोणतीही गोष्ट त्या वेळच्या होकाराची जागा घेत नाही. काल हो म्हटलं म्हणून आज हो, असं नाही. सुरुवातीला हो म्हणून मध्येच नको वाटलं, तर थांबावं लागतं.

चारित्र्याचा मुद्दाही कायद्याने बाजूला ठेवलाय. महाराष्ट्रातल्याच एका पोलीस निरीक्षकाच्या बडतर्फीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये सांगितलं की समाज जिला 'बदफैली' म्हणतो त्या बाईलाही खासगीपणाचा अधिकार आहे आणि कुणीही वाटेल तेव्हा तिच्या घरात घुसू शकत नाही. आता तर संमतीचा प्रश्न असेल तिथे पीडितेचा पूर्वीचा लैंगिक अनुभव पुरावा म्हणून वापरता येत नाही. 'टू फिंगर टेस्ट' या अपमानास्पद तपासणीला कोणताही शास्त्रीय आधार नाही आणि ती करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल, असं सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात म्हटलं.

'लगेच तक्रार का केली नाही?'

स्वारगेटच्या प्रकरणात ती तरुणी आधी गावाकडच्या गाडीत बसली. वाटेत तिने मित्राला फोनवर सांगितलं, त्याने धीर दिला आणि मग ती पोलिसांकडे गेली. म्हणजे तक्रार त्याच दिवशी झाली. तरी मधल्या वेळावरून शंका घेतली गेली.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या गुरमित सिंग खटल्यात हा मुद्दा स्पष्ट केलाय. अशा गुन्ह्यांत उशीर होण्यामागे भीती असते, घराच्या अब्रूचा विचार असतो, त्यामुळे केवळ उशीर झाला म्हणून केस कमकुवत ठरत नाही. पीडितेची साक्ष विश्वासार्ह असेल, तर तिच्या एकटीच्या साक्षीवरही शिक्षा होऊ शकते. वैद्यकीय तपासणी जितकी लवकर तितके पुरावे जास्त मिळतात, हे खरं. पण बलात्काराची तक्रार करायला कायद्यात मुदत नाही.

आणि खोट्या केसेसचं काय?

या विषयावरच्या प्रत्येक पोस्टखाली हा प्रश्न येतो, त्यामुळे तो टाळण्यात अर्थ नाही. खोट्या तक्रारी होतात. त्यात अडकलेल्या माणसाचं नुकसानही खरं असतं. म्हणूनच तपास असतो, उलटतपासणी असते आणि आरोप सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष मानला जातो.

पण 'खोटी केस' हा शब्द आपण फार सैल वापरतो. देशात बलात्काराच्या खटल्यांत शिक्षा होण्याचं प्रमाण गेल्या काही वर्षांत सुमारे २७ ते २८ टक्के राहिलंय. याचा अर्थ उरलेल्या सगळ्या केसेस खोट्या होत्या, असा होत नाही. साक्षीदार फिरतात, पुरावे नीट गोळा होत नाहीत, घरचे समझोता करायला लावतात. निर्दोष सुटका म्हणजे गुन्हा संशयापलीकडे सिद्ध झाला नाही. तक्रार खोटी होती, हे वेगळं सिद्ध व्हावं लागतं.

पुण्यातलंच उदाहरण घ्या. जुलै २०२५ मध्ये कोंढव्यातल्या एका तरुणीने कुरिअर द्यायला आलेल्या अनोळखी माणसाने बलात्कार केल्याची तक्रार दिली. तपासानंतर पोलिसांनी सांगितलं की तो कुरिअरवाला नव्हता, तिच्या ओळखीचाच होता. लगेच 'बघा, सगळ्या अशाच असतात' अशा कमेंट सुरू झाल्या. पोलिसांना चुकीची माहिती देणं ही गंभीर बाब आहे, त्यावर कारवाई होऊ शकते. पण तो कोण होता आणि तिची संमती होती का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याच्या उत्तरातून दुसऱ्याचं उत्तर मिळत नाही. आणि एका केसमधून बाकीच्या हजारो केसेसचं तर नाहीच नाही.

कायदा कुठे कमी पडतो?

संमतीची व्याख्या स्पष्ट असली तरी कायद्यात मोठ्या फटी आहेत. पहिली फट लग्नाची. पत्नी १८ वर्षांची किंवा मोठी असेल, तर पतीने केलेली जबरदस्ती कायद्याने बलात्कार ठरत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी मे २०२२ मध्ये यावर परस्परविरोधी निकाल दिले आणि प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात लैंगिक छळाचा समावेश आहे, तोच सध्याचा आधार.

लग्न झालं की संमतीचा प्रश्न संपला, ही समजूत जुनी आहे. १८९१ मध्ये इंग्रज सरकारने संमतिवयाचा कायदा आणून मुलींचं वय १० वरून १२ केलं. तेव्हा पुण्यात त्यावरून रान पेटलं होतं. टिळकांनी कायद्याला विरोध केला, तर रा. गो. भांडारकरांनी धर्मशास्त्राचेच दाखले देऊन पाठिंबा दिला. लग्नाच्या आत कायद्याने डोकवायचं की नाही, हा तेव्हाचा वाद आज वेगळ्या रूपात चालू आहे.

दुसरी फट पुरुषांच्या आणि तृतीयपंथीयांच्या बाबतीत. भारतीय न्याय संहितेत बलात्काराची पीडित फक्त स्त्रीच मानली आहे. जुनं कलम ३७७ नव्या संहितेत नाही. त्यामुळे प्रौढ पुरुषावर असा अत्याचार झाला, तर त्यासाठी वेगळं कलम उरलेलं नाही. १८ वर्षांखालच्या मुलांना मात्र पॉक्सो कायद्याचं संरक्षण आहे.

तिसरी अडचण न्यायालयांतही दिसते. २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका खटल्यात 'क्षीण नकार' आरोपीला नकार म्हणून कळलाच नसेल, असं म्हणत त्याला निर्दोष सोडलं. म्हणजे कायदा होकार शोधायला सांगतो, आणि तरीही कधीकधी नकार पुरेसा मोठ्याने दिला होता का, याचीच मोजदाद होते.

तुमच्या हातात काय आहे?

कुणी तुम्हाला अशी घटना सांगितली, तर पहिला प्रश्न 'ओरडली का नाहीस?' हा नसावा. 'आत्ता सुरक्षित आहेस का?' हा असावा. त्यानंतरची माहिती अशी:

- तक्रार कोणत्याही पोलीस स्टेशनला करता येते. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, झीरो एफआयआर नोंदवावाच लागतो. बलात्काराची तक्रार नोंदवून न घेणाऱ्या पोलिसाला शिक्षेची तरतूद आहे.
- सरकारी असो वा खासगी, प्रत्येक हॉस्पिटलने पीडितेवर तातडीने आणि मोफत उपचार करायचे असतात.
- जमल्यास तपासणीआधी अंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत. पण तसं झालं असेल तरी तक्रार करता येते.
- तातडीच्या मदतीसाठी ११२, महिला हेल्पलाइन १८१ आणि मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००.

सोशल मीडिया वापरणाऱ्या प्रत्येकासाठी एक गोष्ट महत्त्वाची आहे. पीडितेचं नाव, फोटो किंवा तिची ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गाव, नोकरीचं ठिकाण, कॉलेज असे तुकडे जोडूनही ओळख पटते. ते तुम्हाला आलेलं फॉरवर्ड होतं, हे कारण तुम्हाला वाचवेलच असं नाही.

आणि एक गोष्ट कायद्याच्या पुस्तकात लिहिलेली नाही. स्वारगेटवरच्या तुमच्या कमेंट आरोपीने वाचल्या असतील का, माहीत नाही. तुमची बहीण, मैत्रीण, ऑफिसमधली सहकारी मात्र त्या वाचते. उद्या तिच्यावर असा प्रसंग आला, तर कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, याची यादी ती त्यावरूनच बनवते.